जुळीला न दिसलेल्या तुळया

आमच्या इमारतीला एक जुळी बहीण होती. तिला प्लॉट नव्हता, पत्ता नव्हता, वॉचमन नव्हता. ती खाडीपलीकडच्या निरीक्षण केंद्रात, संगणकाच्या पोटात राहायची. इकडे आमच्या विसाव्या मजल्यावर कुणी साखरपुड्याला घरभर पाहुणे जमवले, की तिकडे तिच्या विसाव्या मजल्याच्या तुळया तेवढ्याच वाकायच्या. वारा सुटला की दोघी बरोबरच डुलायच्या.

हे कसं व्हायचं ते सांगते. इमारत बांधतानाच तिच्या प्रत्येक पोलादी खांबाला आणि तुळईला केसाएवढा बारीक काचेचा धागा चिकटवलेला असतो. धाग्यातून प्रकाश धावत असतो. पोलाद ताणलं, वाकलं किंवा तापलं, की त्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. किती सरकला त्यावरून कुठे काय झालं ते कळतं. असे हजारो धागे जुळीला क्षणोक्षणी खबर देत असतात. आणि आग लागलीच, तर जुळी आधी स्वतःला जाळून बघते. एकदा नव्हे, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात हजार वेळा. मग सांगते, खरी इमारत अजून किती वेळ उभी राहील. या वेळेला 'उभी मुदत' म्हणतात. अग्निशमन दल तिच्यावर चालतं, विमा तिच्यावर ठरतो. दूरच्या एका शहरात आगीपेक्षा जिन्यातल्या चेंगराचेंगरीत जास्त माणसं गेली, त्यानंतर उंच इमारतींच्या जिन्याच्या दारांची कुलुपंही कायद्याने जुळीच्याच हाती दिली. ती म्हणेल तेव्हा आणि ती म्हणेल त्यांनीच उतरायचं.

ही जुळी माझ्या मुलीने घडवली. एकटीने नाही, पण तिचा गाभा ऋजुताचा. मी स्वतः इमारतींचे सांगाडे आखण्यात उभा जन्म घालवलेला, त्यामुळे मला तिचा अभिमान होता आणि आमची भांडणंही त्यावरूनच व्हायची. जेवताना, भाजी निवडताना, कधीही.

"धागा तुटला तर गं?" मी विचारायचे.

"तर नकाशा आहे ना, आई. नकाशावरून ती भरून काढते."

"म्हणजे अंदाज करते."

"अंदाज नाही, गणित."

"'मला माहीत नाही' असं म्हणायला शिकवलंयस का तिला?"

ऋजुता हसली होती. "असं म्हणणारं यंत्र कोण विकत घेईल?"

*

माझं हे धाग्याचं टुमणं उगीच नव्हतं. ते सुरू झालं २००१ सालच्या सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी. मी तेव्हा एकतीस वर्षांची, दादरच्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला. कागदावर पेन्सिलने नकाशे काढायचे दिवस नुकतेच संपत आले होते, तरी टेबलांना खोडरबराचा वास येत असे. आमच्या टिपणीस साहेबांच्या केबिनमध्ये क्रिकेटसाठी आणलेला छोटा टीव्ही होता. त्याच्यासमोर सगळं ऑफिस दाटीवाटीने उभं होतं. न्यूयॉर्कच्या दोन्ही मनोऱ्यांत विमानं घुसली होती आणि मनोरे उभे होते.

"काय डिझाइन आहे!" कुणीतरी म्हणालं. "एवढं मोठं विमान पोटात घेतलं आणि हललासुद्धा नाही."

टिपणीस साहेबांनी चष्मा काढून पुसला. "उभा आहे खरा," ते म्हणाले. "पण आता त्याच्या अंगावर कपडे राहिले नसतील."

आम्हाला काही कळलं नाही. थोड्या वेळाने एक मनोरा खाली बसला, मग दुसरा. गंमत अशी, की ज्याला विमान नंतर धडकलं तो आधी पडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला ते समजावलं. त्यांच्या हातात सुतळी होती. "लोखंड वितळलं, असं आजच्या पेपरात आहे," ते म्हणाले. "साफ चूक. लोखंड वितळायला पंधराशे अंश लागतात, घरातली आग तितकी कधीच तापत नाही. पण सहाशे अंशांनाच त्याची निम्मी ताकद जाते. ते वितळत नाही, मऊ पडतं. म्हणून पोलादावर अग्निरोधक लेप देतात. तो लेप म्हणजे त्याचे कपडे. विमानाच्या धडकेने काही खांब तुटले, ते बाकीच्यांनी सावरून घेतलं. पण धडकेने तो लेपही झडला. विमानाचं इंधन काही मिनिटांत जळून गेलं असेल. पुढे जळत राहिलं ते सामान. टेबलं, खुर्च्या, कागद, गालिचे. त्या आगीत पोलाद उघडंनागडं उभं होतं."

मग त्यांनी सुतळी दोन उभ्या पट्ट्यांना बांधली आणि मधोमध किल्ल्यांचा जुडगा अडकवला. सुतळी झोळली आणि दोन्ही पट्ट्या आत ओढल्या गेल्या.

"ओल्या गोधड्या वाळत घातल्या की दोरीचे खांब असेच आत झुकतात. तापलेल्या तुळया झोळल्या आणि त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. वाकलेल्या खांबाला वरचे मजले पेलवत नाहीत. आणि नंतर धडक बसलेला मनोरा आधी का पडला? कारण विमान त्याला पहिल्यापेक्षा बरंच खाली लागलं होतं. त्याच्या डोक्यावर ओझं जास्त होतं."

टिपणीस साहेब जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पण त्यानंतर मी आयुष्यात जी तुळई आखली, तिच्या लेपाची जाडी आधी बघितली आणि मग बाकीचं.

*

आमची इमारत पनवेलची. जुन्या गावातली आमची घरं रुंद रस्त्यात गेली आणि त्या बदल्यात आम्हाला या अठ्ठेचाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले. अख्खी आळीच्या आळी उभी करून ठेवल्यासारखी आम्ही माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहायला आलो. येताना लोकांनी बरंच टाकलं, पण एक गोष्ट कुणीही टाकली नाही. झोपाळा. पनवेलच्या माणसाला झोपाळ्याशिवाय दुपारची झोप येत नाही आणि पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठे ते कळत नाही. सागवानी पाट, पितळी कड्या, सगळं लिफ्टमधून वर आलं.

आता टांगायचं कुठे? कुणीतरी हॉलचं खोटं छत काढलं. वर पोलादी तुळई होती आणि तिच्यावर करडा, खरबरीत लेप, शिळ्या उपम्यासारखा. तो खरवडला, तुळईला पकड बसवली, कड्या अडकवल्या. मग लक्षात आलं, की उघडी तुळई छान दिसते. तिला सागाचा तपकिरी रंग दिला की अगदी जुन्या घरात बसल्यासारखं वाटतं. झालं! वर्षभरात निम्म्या घरांनी खोटी छतं काढली आणि तुळया या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून रंगवल्या. काचेच्या धाग्याला मात्र कुणी हात लावला नाही. तो तुटला की सोसायटीला दंड होता. त्यामुळे जुळीला काहीच कळलं नाही. रोजच्या दिवसांत उघडी तुळई आणि झाकलेली तुळई सारखंच ओझं पेलतात, सारखाच ताण दाखवतात.

मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. बोलून घसा कोरडा केला.

"लेलेबाईंना झोपाळा नाही ना," मागून आवाज आला, "म्हणून दुसऱ्यांचे डोळ्यांत खुपतात." सगळे हसले.

सेक्रेटरी देवधर भला माणूस. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर असेल. पण जुळी आहे ना लक्ष ठेवायला? काही झालंच तर ती सांगेल की."

रंजना म्हात्रे माझी जिवलग मैत्रीण. अडतिसाव्या मजल्यावरच्या तिच्या घरातही अशीच रंगवलेली तुळई होती. "माझ्या तुळईला हात लाव," ती म्हणाली, "हात मोडून हातात देईन." आणि लगेच, "ये आता चहाला."

आणि मी गेले. त्या झोपाळ्यावर बसून चहा प्यायले. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. पाय जमिनीला टेकवून हलकासा झोका घेतला, की आईच्या घरातली दुपार अंगावरून जायची.

*

ती दुपार संक्रांतीच्या हळदीकुंकवाची होती. रंजनाकडे बायकांची ही गर्दी. माझे यजमान गेल्यावर मी हळदीकुंकवाला जायचं बंद करावं अशी काहींची अपेक्षा होती. रंजनाने पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि चारी बाजूंना बघत विचारलं होतं, "कुणाला काय बोलायचंय?" कुणालाच नव्हतं. तेव्हापासून मी एकही घर चुकवलं नाही.

वाण वाटणं चाललं होतं तेवढ्यात इमारतीला कुणीतरी खांद्याने धक्का मारावा तसं झालं. आवाज नंतर आला. झोपाळा आपोआप हलायला लागला, भिंतीवरचे फोटो तिरके झाले आणि खिडकीबाहेर खालून काळा धूर वर चढला. बंदरावरून घाटावर माल नेणारी मोठी विनावैमानिक विमानं आमच्या डोंगराकडेने रोज जात. त्यांतलं एक भरकटून आमच्या उत्तर बाजूला सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या मजल्यांत घुसलं होतं.

छतातल्या कर्ण्यातून शांत आवाज आला. "घाबरू नका. इमारत सुरक्षित आहे. उभी मुदत तीन तासांहून अधिक. आगीच्या खालच्या रहिवाशांनी एका बाजूने उतरावं, वरच्या रहिवाशांनी निवारा मजल्यावर जाऊन थांबावं. जिना अग्निशमन दलासाठी मोकळा ठेवा."

आम्ही पस्तिसाव्या मजल्यावरच्या निवाऱ्यात उतरलो. निवारा मजला म्हणजे घरं नसलेला, कडेने उघडा मजला, अशा वेळेसाठीच राखलेला. शंभरेक माणसं जमली. बहुतेक म्हातारी माणसं, काळ्या साड्या नेसलेल्या बायका आणि पोरंबाळं. खाली जाणाऱ्या जिन्याच्या दारावर लाल दिवा होता. देवधर माणसं मोजत फिरत होते आणि सगळ्यांना धीर देत होते. "तीन तास आहेत. बसा, पाणी प्या."

रंजनाच्या हातातला तिळाच्या लाडवांचा डबा कलंडला. लाडू फरशीवर पडले आणि घरंगळायला लागले. पोरं धावली. पण मी बघत होते ते वेगळंच. लाडू इकडेतिकडे जात नव्हते. सगळे उत्तरेच्या कठड्याकडे निघाले होते, एकामागून एक, शहाण्यासारखे. एक थांबला, क्षणभर विचार केल्यासारखा, आणि पुन्हा चालू लागला.

फरशी कलत होती.

मी कठड्याशी जाऊन वाकून पाहिलं. खाली धुराच्या फटीतून बाहेरच्या खांबांची रांग दिसली. ती सरळ नव्हती. मधोमध आत ओढली गेली होती.

मी फोन लावला. ऋजुता केंद्रातच होती.

"आई! कुठे आहेस तू?"

"निवाऱ्यात."

"छान. तिथेच थांब. वेळ भरपूर आहे. जवान वर यायला निघालेत."

"ऋजू, आगीच्या मजल्यांवरचे धागे काय सांगतायत?"

तिने पडद्यावर पाहिलं असावं. मग म्हणाली, "तुटलेत. उत्तरेकडचे सगळे."

"मग हे तीन तास कुठून आले?"

"नकाशावरून भरून काढलेत."

"नकाशात लेप आहे, बाळा. घरांत नाही."

मग तिने विचारलं, ते पोटच्या पोरीने आईला विचारावं तसं नाही, एका इंजिनिअरने दुसऱ्या इंजिनिअरला विचारावं तसं. "कुठल्या कुठल्या घरांत?"

मी डोळे मिटले. "सत्ताविसाव्यावर कर्वे. हॉलची तुळई पूर्ण उघडी. शेजारी ठाकूर, हॉल आणि आतली खोली, दोन्ही. त्यांच्या मागे गांधी, त्यांचं छत शाबूत आहे, त्यांचा झोपाळा लोखंडी पायांवरचा. अठ्ठाविसाव्यावर घरत, उघडी. मुंबरकर, उघडी. कोपऱ्यातले जोगळेकर, त्यांनी तर भिंतीतला खांबही खरवडून रंगवलाय, तुळईला शोभतो म्हणून."

"आई, नक्की ना? हे आठवणीतून सांगतेयस तू."

"दर संक्रांतीला जाते त्या घरांत. वाण घेताना बाकीच्या बायका ताटात बघतात. मी वर बघते."

बटणांचा आवाज येत राहिला. ती एकेक तुळई उघडी करत होती. मग आवाज थांबला.

"वीस मिनिटं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्याहूनही कमी असतील. उत्तर बाजू जाईल, निवाऱ्यासकट. मधला काँक्रीटचा गाभा राहील. जिना त्याच गाभ्यात आहे."

"मग दार उघड."

फोनमधून एक पुरुषी आवाज ऐकू आला. तिचे वरिष्ठ असावेत. "मॅडम, ही माहिती नोंदीत नाही. कुणाच्या तरी आईच्या आठवणीवर आपण कुलूप काढू शकत नाही. जिन्यात चेंगराचेंगरी झाली तर तुम्ही तुरुंगात जाल."

"चेंगराचेंगरी होणार नाही," मी फोनमध्ये ओरडले. "ते माझ्यावर सोपवा!"

देवधर धावत आले. "ताई, हे काय चाललंय? लोक घाबरतील. यंत्र थांबा म्हणतंय."

"यंत्र इथे उभं नाहीये, देवधर. आपण उभे आहोत."

"तुम्ही नेहमीच असं..." ते म्हणायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि फरशीकडे बोट दाखवलं. कठड्याशी लाडवांची ओळ लागली होती. ते त्या ओळीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा धीर उतरला.

दारावरचा दिवा हिरवा झाला. फोनमधून एकच शब्द आला. "उतर."

*

कर्ण्यातला आवाज मात्र थांबला नाही. "इमारत सुरक्षित आहे. निवाऱ्यात थांबा." दार उघडायची सोय ऋजुताकडे होती, तो आवाज गप्प करायची नव्हती.

"सगळ्यांनी ऐका," मी म्हणाले. माझा आवाज सोसायटीच्या सभेत कधी चढला नसेल इतका चढला. "भिंतीच्या बाजूने एकेरी रांग. एक हात पुढच्याच्या खांद्यावर. दुसरी बाजू जवानांना मोकळी. कुणी पळायचं नाही, कुणी बोलायचं नाही. ज्याला बोलायचंय त्याने खाली जाऊन मला शिव्या द्याव्यात."

बायका निघाल्या. आयुष्यभर रांगेत उभं राहून प्रसाद घेतलेल्या बायका त्या, त्यांना रांग शिकवावी लागली नाही. पुरुषमाणसं पोरांना कडेवर घेऊन मागे लागली. पण काही जण जागचे हलेनात. कर्णा थांबा म्हणत होता आणि इतकी वर्षं त्यांनी कर्ण्याचंच ऐकलं होतं.

"त्यांना मी आणतो," देवधर म्हणाले. "जुळीवर विश्वास ठेवा असं त्यांना मीच तर शिकवलंय. तुम्ही व्हा पुढे, ताई."

रंजनाचे गुडघे दोन मजल्यांतच संपले. ती पायरीवर बसली आणि घाबरली की येते तशी तिच्या तोंडी आगरी बोली आली. "मना नाय जमायचं गो. तुमी जा."

"मग मीही बसते."

"तू मेलीस तर तुझी पोर मना जित्ती ठेवेल काय?"

"नाही ठेवणार. म्हणून ऊठ."

"उठवत नाय म्हणते ना!"

"मग बसून उतर. घसरत."

माझ्याकडे तिने असं पाहिलं, की आगीची भीती कमी वाटली. पण घसरली. एकेक पायरी, बूड आपटत, नव्या काळ्या साडीचा सत्यानाश करत, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत. अठ्ठाविसाव्या मजल्याच्या दारापाशी रंग फुगून फोड आले होते आणि आतून भट्टीसारखा घोंघावता आवाज येत होता. भिंत हाताला गरम लागली, पण ती काँक्रीटची होती आणि उभी होती. खालच्या वळणावर जवान भेटले. त्यांच्या कानातही ऋजुताचा आवाज पोचला होता. दोघांनी रंजनाला उचललं, बाकीचे वर धावू लागले.

"वर कोण राहिलंय?" एकाने विचारलं.

"देवधर," मी म्हणाले. "आणि त्यांचं न ऐकणारे."

आम्ही रस्त्यापलीकडे पोचलो तेव्हा उत्तर बाजूचे खांब आगीच्या मजल्यांवर कमरेत मोडले. वरचे मजले एका अंगाने खाली आले. तो आवाज मी लिहू शकत नाही. धूळ बसली तेव्हा मधला गाभा तसाच उभा होता, दाणे काढलेल्या कणसासारखा. वर गेलेले जवान जिन्यात होते, ते वाचले. त्यांनी निवाऱ्याच्या दारातून ओढून काढलेली चार माणसंही वाचली. देवधर आणि त्यांच्यासोबतची सहा माणसं नाहीत. त्या चौघांनी सांगितलं, की शेवटपर्यंत ते एका आजोबांना हाताला धरून विनवत होते.

*

ऋजुताला निलंबित केलं. ती माझ्यासोबत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. खटला होईल असं सगळे म्हणत होते. कायद्याने बंद असलेलं दार तिने परवानगीशिवाय उघडलं होतं.

मग एके सकाळी केंद्राचे संचालक आमच्याकडे आले. चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्यांच्या तांत्रिक अहवालाचा मसुदा तयार होता. त्यात लिहिलं होतं, की धागे तुटल्यावर जुळीने उपलब्ध माहितीचं पुन्हा मूल्यमापन केलं आणि दार स्वतः उघडलं.

"तुम्ही फक्त हे नाकारायचं नाही," ते ऋजुताला म्हणाले. "खटला नाही, निलंबन नाही. उलट बढती. शंभर माणसं यंत्राने वाचवली, ही बातमी जगभर जाईल. पन्नास शहरं वाट बघतायत. तुमचंच तर यंत्र आहे."

ते गेल्यावर मी काय बोलले ते सांगायला मला लाज वाटत नाही. आईने बोलावं तेच बोलले. "हो म्हण, ऋजू. माणसं वाचली ना? दार कुणी उघडलं याने आता काय फरक पडतो?"

ती खिडकीशी उभी होती. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला माझाच तरुणपणीचा हट्ट दिसला.

"फरक पडतो. पुढच्या इमारतीतले लोक दाराशी बसून राहतील, यंत्र उघडेल म्हणून. आणि ते उघडणार नाही, आई. त्याला ठाऊक नसलेलं त्याला ठाऊक नसतं, आणि ते कबूल करायला मी त्याला शिकवलं नाही. आता शिकवायचं तर आधी खरं काय झालं ते लिहिलं गेलं पाहिजे."

"तुला तुरुंगात टाकतील."

"तू त्या दिवशी थांबली नाहीस. मला थांबायला सांगू नकोस."

मी उठले आणि तिच्यासाठी पोहे भिजवले.

चौकशीचं सभागृह भरलेलं होतं. पुढे अधिकारी, बाजूला संचालक, मागे आम्ही. रंजनाला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. देवधरांचा मुलगा शेवटच्या ओळीत बसला होता. श्रोत्यांनी बोलू नये, अशी पाटी दारावर होती.

"तांत्रिक अहवालानुसार दार प्रणालीने स्वतः उघडलं," अधिकारी म्हणाले. "आपल्याला हे मान्य आहे?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "प्रणाली थांबा म्हणत होती. माणसं मरेपर्यंत म्हणत होती. दार मी उघडलं."

सभागृहात कुजबुज झाली. संचालकांनी कपाळाला हात लावला.

"कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याही नाही."

"या उत्तराचे परिणाम आपल्याला माहीत आहेत?"

"आहेत. अशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा उघडीन."

"आणि आधार काय होता? आपल्या पडद्यावर तर तीन तास दिसत होते."

ऋजुताने उत्तर द्यायच्या आधी रंजनाने मला कोपराने ढोसलं. ढोसायची गरज नव्हती. मी उभीच राहत होते.

"आधार मी होते," मी म्हणाले. "त्या तुळया मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दार उघड असं तिला मी सांगितलं. गुन्हा असेल तर दोघींचा आहे. सुचेता लेले. लिहून घ्या."

"बाई, श्रोत्यांना बोलायची परवानगी नाही. आपण खाली बसा."

"आधी नाव लिहा," मी म्हणाले. "मग बसते."